निळ्या फियाटचा हंगाम

२२ जानेवारी १९८४, रविवार

दुसरे! पुण्याच्या लाल गाडीच्या मागे फक्त अकरा सेकंद. एकवीस गाड्यांत आमची निळी फियाट दुसरी! त्र्यंबक, जव्हार आणि परत. पाठ मोडली आहे, कानात अजून इंजिन आहे, पण लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

पाच फेऱ्यांचा हंगाम आहे. पाचांचे गुण मिळून जो पहिला, त्याला टायरवाली कंपनी पुढच्या वर्षी हिमालयाच्या रॅलीला पाठवणार, सगळ्या खर्चासकट. निवृत्तीला ते हवंय. मलाही हवंय. पाटबंधारे खात्यातला आरेखक हिमालयात! ऑफिसात सांगितलं तर हसतील. नाही सांगणार.

निवृत्ती चालवतो. मी डाव्या सीटवर बसून वळणांची वही वाचतो — 'शंभरावर उजवं, आवळत जाणारं', 'पुलानंतर डावं, सैल'. गोरक्ष येवल्याचा, तो गाडी जिवंत ठेवतो. तिघेच. बाकीच्या संघांकडे दहा-दहा माणसं.

एकच खुपलं. आज निवृत्तीने तीनदा विचारलं, "डावं म्हणालास ना?" मी एकदाच बोलतो आणि तो एकदाच ऐकतो, पाच वर्षं असंच चाललंय. आज विश्वास नव्हता का माझ्यावर?

२५ जानेवारी

बायकोला सांगितलं. लता म्हणाली, "तीनदा विचारलं तर विचारलं. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नसेल." असेल.

४ फेब्रुवारी, शनिवार

अर्धा दिवस संपवून थेट गंगापूर रोडला गेलो, निवृत्तीच्या दुकानामागच्या गॅरेजात. गाडी उभी. डाव्या मडगार्डवर ताजा रंग. हात लावला तर बोटाला निळं आलं.

"काय झालं?"

"काय नाय पगारेभाऊ. जरा गंज आला व्हता," गोरक्ष म्हणाला.

गंज? जव्हारहून परत आल्यावर ते मडगार्ड मी स्वतः पुसलंय. स्वच्छ होतं. रंगाखाली ठोकल्याचा उंचवटा लागतो हाताला. म्हणजे गाडी बाहेर गेली होती. मला न सांगता. आणि गाडी सरावाला जाते तेव्हा डाव्या सीटवर कोणीतरी असतंच.

कोण होतं?

५ फेब्रुवारी

निवृत्तीचा मेहुणा, विमलावहिनींचा भाऊ! पुण्यात शिकून आलाय, मागच्या महिन्यापासून निवृत्तीकडेच राहतोय. दिवाळीत मला विचारत होता, "वळणं कशी लिहायची असतात हो?" मी खुळ्यासारखा अख्खी वही दाखवली.

१० फेब्रुवारी

कार्यालयातून दुकानात फोन केला. फोनवर नोकर — "शेठ पुण्याला गेलेत. गोरक्ष बी गेलाय." कशाला? "म्हाईत नाय."

पुण्याला. लाल गाडीच्या गावाला. पुढची फेरी नऊ दिवसांवर असताना.

११ फेब्रुवारी

मुद्दाम विचारलं. "काल होतास कुठे?" निवृत्ती म्हणाला, "पिंपळगावला. द्राक्षांचं काम होतं."

सरळ तोंडावर खोटं! एनसीसीच्या कॅम्पात एका ताटलीत जेवलोय आम्ही. त्याच्या घरी त्याच्या आजीने मला ओसरीवर वेगळा कप दिला तेव्हा तो कप यानेच फोडला होता, तिच्यासमोर. सतरा वर्षांचा होता तेव्हा. तो माणूस आज माझ्याशी खोटं बोलला.

लताला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला सगळीकडे तेच दिसतं."

दिसतं, कारण असतं. आपल्या कॉलनीतल्या कोणाही माणसाला विचार. आपल्याला बाहेर काढताना कोणी 'बाहेर जा' म्हणत नाही. नुसतं सांगायचं बंद करतात.

१९ फेब्रुवारी, रविवार

दुसरी फेरी, साताऱ्याकडे. पाचवे.

चढावर गाडी ओढतच नव्हती. निवृत्तीचा पाय शेवटपर्यंत दाबलेला दिसत होता, आणि तरी काटा साठच्या वर जाईना. जानेवारीत हीच गाडी ह्याहून उभ्या चढावर पंचाहत्तरने गेली होती. खाली आल्यावर मी म्हणालो, "इंजिन बघा." गोरक्ष बॉनेट उघडून दहा मिनिटं आत वाकून राहिला आणि म्हणाला, "समदं ठीक हाय."

निवृत्ती काहीच बोलला नाही! पाचवा येऊन निवृत्ती कातकाडे गप्प? हा माणूस तिसरा आला तरी दोन दिवस जेवत नाही.

आणि हे लिहून ठेवतो. चहाच्या टपरीवर लाल गाडीचा मेकॅनिक गोरक्षच्या खांद्यावर हात टाकून उभा होता. हसत होते.

२१ फेब्रुवारी

गुण — पुणे २०, आम्ही ११.

३ मार्च

आज वेगळीच गोष्ट. गॅरेजात चहा आला. मी निवृत्तीच्या डाव्या हाताला उभा होतो, ग्लास पुढे केला. त्याने घेतला नाही. समोर बघत राहिला. मी तसाच उभा, ग्लास धरून. मग गोरक्ष पलीकडून म्हणाला, "शेठ, च्या." तेव्हा एकदम वळला — "अरे! दे ना."

माझ्या हातचा चहा दिसेनासा झाला का आता?

घरी येऊन लताला सांगितलं नाही. ती काय म्हणेल ते माहीत आहे.

११ मार्च, रविवार

तिसरी फेरी, इंदूरच्या बाजूला. चौथे. तेही लाल गाडीसकट पुढच्या दोन गाड्या बंद पडल्या म्हणून.

पुन्हा तेच. सपाट रस्त्यावर ठीक, जोर लावायची वेळ आली की गाडी मेल्यासारखी. मी ओरडलो, "दाब ना!" तो ओरडला, "दाबलंय!" त्याचा पाय मी पाहिला. खरंच दाबलेलं होतं.

म्हणजे निवृत्ती नाही. गाडीतच काहीतरी आहे. आणि गाडीला हात फक्त गोरक्ष लावतो.

परतीच्या वाटेवर धुळ्याला जेवायला थांबलो. गोरक्षने माझ्या ताटात स्वतःची भाकरी ठेवली, "तुम्ही काय खाल्लं नाय पगारेभाऊ." मी ती परत त्याच्या ताटात टाकली.

१३ मार्च

आता निवृत्तीवरचा राग कमी झालाय. खरं तर बरंच वाटतंय. त्यालाही फसवतायत!

पण मग पुणं? पिंपळगाव म्हणून पुण्याला का गेला? गोरक्षनेच नेलं असेल. काहीतरी पार्ट घ्यायच्या निमित्ताने. तिथे सौदा ह्याचा, आणि शेठला पत्ता नाही.

१८ मार्च, रविवार

सापडलं!!

दुपारी गेलो. निवृत्ती मळ्यात, गोरक्ष जेवायला गेलेला. किल्ली कुठे ठेवतात ते माहीत आहे. कार्बोरेटर पाहिला, पेट्रोलची नळी पाहिली. काही नाही. मग सीटवर पालथा पडून पायाखालची चटई उचलली.

अॅक्सिलेटरच्या पायाखाली लाकडाचा तुकडा. बाभळीचा, नीट रंधा मारलेला, दोन स्क्रूंनी फळीला पक्का केलेला. काळा रंग दिलेला, दिसू नये म्हणून. पट्टीने मोजला — एक इंच दोन सूत. पाय पूर्ण दाबला तरी पेडल तुकड्यावर टेकतं. गाडीचा चौथा हिस्सा दम तिथेच खलास!

तासभर तिथेच बसून राहिलो. आनंदाने, लाज वाटते लिहायला. पण आनंदानेच. मला भास होत नव्हते!

१९ मार्च

संध्याकाळी दोघांनाही समोर उभं केलं. चटई उचलली. "हे काय आहे?"

गोरक्षने तुकड्याकडे पाहिलं नाही. निवृत्तीकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाला, "लावलं. म्या लावलं."

"पुण्यावाल्यांनी किती दिले?"

"कोणी काय दिलं नाय."

"मग कशाला लावलंस? बोल ना! चोर आहेस तू. आमच्याच ताटात जेवून आमचीच गाडी मारलीस."

मी निवृत्तीला म्हणालो, "तू बोल." निवृत्तीचा चेहरा पांढरा पडलेला. भिंतीला टेकून उभा होता. शेवटी म्हणाला, "गोरक्ष, तू जा आता."

एवढंच! मी त्याच्या जागी असतो तर कानाखाली वाजवली असती.

गोरक्षने हात पुसले, पाने पेटीत एकेक करून ठेवले, पेटी तिथेच ठेवली आणि गेला. चार पानं लिहून रॅली भरवणाऱ्या क्लबला तक्रार केली आहे. उद्या टाकतो.

२९ मार्च

क्लबने गोरक्षला बंदी घातली. ह्या हंगामापुरती नाही, कायमची. नोटीस सगळ्या गॅरेजांना गेली. शहरात कोणी कामावर घेणार नाही म्हणे. स्वतःच्या हाताने ओढवून घेतलंय.

तुकडा मीच काढला. दोन स्क्रू. पाच मिनिटांचं काम.

८ एप्रिल, रविवार

पहिले! पहिले!! औरंगाबादची फेरी आमची! लाल गाडी पस्तीस सेकंद मागे!

गाडी अशी पळाली की मला वही वाचायला वेळ पुरेना. निवृत्तीने मिठी मारली. "झालं रे," म्हणत होता, "झालं एकदाचं." लोकांनी खांद्यावर घेतलं. फोटो काढला, दोघांचा.

दौलताबादच्या उतारावर मात्र डावीकडचा कठडा इतका जवळून गेला की माझ्या खिडकीचा आरसा उडाला. तो म्हणाला, "अंदाज चुकला." जिंकलो, तेव्हा चालतं.

१० एप्रिल

पेपरात फोटो! खाली नाव — 'वाल्मीक पगारे, नाशिक'. कॉलनीतल्या वाचनालयात कोणीतरी कापून भिंतीला लावलाय. सावित्रीबाई, आमच्या शेजारच्या, पेढे घेऊन आल्या. "आमच्या पोरांना दाखवते," म्हणाल्या. लतानेही दोनदा वाचलं, मी पाहत नाही असं समजून.

गुण — पुणे २७, आम्ही २६. पेठची शेवटची फेरी जिंकली आणि लाल गाडी दुसरी आली तरी हिमालय आमचा. पहिल्याला दहा, दुसऱ्याला सात.

२० एप्रिल

वहिनी दुकानात भेटल्या. कधी नव्हे ते बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, ही शेवटची फेरी सोडून द्या ना. तुम्ही म्हणालात तर ऐकतील."

मी का म्हणेन? एक फेरी राहिलीय! आणि मी सोडली की डाव्या सीटवर ह्यांचा भाऊ बसायला मोकळा. बरोबर ना?

"वहिनी, घरच्याच माणसाला बसवायचं असेल तर सरळ सांगा," म्हणालो. त्या डोळ्याला पदर लावून आत गेल्या.

नाटक.

५ मे, शनिवार

उद्या. वही तयार. सावळघाट तीनदा पायी चाललोय, एकेक वळण पावलांनी मोजून. चूक होणार नाही. माझ्याकडून तरी नाही.

१३ मे, रविवार, दवाखाना

डाव्या पायाच्या नडगीची दोन हाडं मोडलीत. तीन बरगड्या. आज पहिल्यांदा पेन धरतोय.

घाटात दहावं वळण. 'डावं, आवळत जाणारं, आत दगड.' मी स्पष्ट म्हणालो. दोनदा म्हणालो! तो वळलाही. पण इतका आत वळला की दगड माझ्या दारात आला. मग आकाश, मग झाडं, मग आकाश. गाडी नाल्यात, माझ्या बाजूवर पडलेली. पेट्रोलचा वास. निवृत्ती वरच्या बाजूला लोंबकळत, त्याला खरचटलंही नाही. तो माझं नाव घेत होता आणि मला उत्तर देता येईना.

गवत कापणारी एक बाई वरून उतरत आली. कुसाबाई, नाव नंतर कळलं. तिने विळ्याने पट्टा कापला. "हालू नको रं दादा, हालू नको," एवढंच म्हणत होती. चार माणसं बोलावून मला झोळीत घालून रस्त्यावर आणलं तिने.

लाल गाडी जिंकली. हिमालय त्यांचा.

१४ मे

पडून पडून एकच विचार. तो दगड सगळ्यांना दिसत होता. एवढा बैलाएवढा पांढरा दगड! निवृत्तीला का नाही दिसला?

का मुद्दाम?

माझी बाजू आपटली, त्याची नाही. मी नको होतो तर सरळ सांगायचं होतं.

हे काय लिहितोय मी.

१६ मे

वहिनी आल्या. लता बाहेर डबा धुवायला गेली होती. वहिनी स्टुलावर बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "त्यांना डाव्या डोळ्याने दिसत नाही."

मला कळेचना.

"डिसेंबरात मळ्यात तार ताणताना सुटली, डोळ्यावर बसली. आतला पडदा फाटला. नाशकात कोणाला कळायला नको म्हणून शेवटी फेब्रुवारीत पुण्याच्या डॉक्टरकडे गेले. गोरक्ष घेऊन गेला होता, गाडी त्यानेच चालवली. डॉक्टर म्हणाले, डोळा गेला. गाडी चालवायची नाही. शपथ घातली हो मी त्यांना. ऐकलं नाही. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले. वाल्मीक बसणार नाही म्हणाले, कळलं तर."

"मडगार्ड?"

"दुकानातून बाहेर काढताना खांबाला लागलं. दोनदा. गोरक्ष ठोकून रंगवायचा."

"आणि तुमचा भाऊ?"

"त्याला तर गाडीत बसलं की उलटी होते."

मी हसायला लागलो. बरगड्या दुखून डोळ्यांत पाणी आलं. मग ते थांबेना.

चहाचा ग्लास. तीनदा 'डावं म्हणालास ना?' मडगार्ड, आरसा, कठडा. सगळं डावीकडचं. आणि डावीकडे कोण बसत होतं? मी! वळणांचा नकाशा काढणाऱ्या मला शेजारी बसलेल्याचं तोंड वाचता आलं नाही.

आणि तो तुकडा. आता कळलं. गोरक्षला माहीत होतं, आंधळ्या बाजूला मी आहे. गाडी अडवता येईना म्हणून तिचा दम काढून घेतला त्याने. मी त्याला चोर म्हणालो. मीच काढला तुकडा. दोन स्क्रू.

१७ मे

क्लबला पत्र लिहिलं. माझी तक्रार चुकीची होती, बंदी उठवा. लताकडून दोनदा वाचून घेतलं. ती म्हणाली, "नुसतं क्लबला? आणि त्याला?"

त्यालाही लिहिलं. काय लिहिलं ते इथे पुन्हा लिहवत नाही.

२८ मे

गोरक्षचं कार्ड आलं. पेन्सिलीने. 'पगारेभाऊ, तुमचं पत्र मिळालं. पाय बरा होऊ द्या. मी कांद्याच्या ट्रकवर हाय, बरं चाललंय. झालं ते झालं. शेठला काय बोलू नका.'

शेठला का बोलू नका? ह्यात शेठला बोलण्यासारखं काय आहे?

सवय जात नाही माझी. भल्या माणसाच्या कार्डातही खोट शोधतो.

२ जून

घरी. कुबड्या. क्लबचं उत्तर नाही. निवृत्ती एकदाही आलेला नाही. फळं मात्र येतात, रोज, नोकराच्या हाती.

१० जून, रविवार

निवृत्ती आला. काळा चष्मा. बसला नाही. म्हणाला, "तुकडा गोरक्षच्या मनाचा नव्हता. मीच लावून घेतला होता. साताऱ्याच्या आधी. माझा पाय मला आवरत नव्हता, आणि गाडी सोडवत नव्हती. त्याला त्याच्या आईची शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही. तू त्याला चोर म्हणालास ना वाल्मीक, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, आता जिंकता येईल."

मी विचारलं, "आणि मी? त्या सीटवर?"

त्याने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

मी म्हणालो, "उद्या सकाळच्या एसटीने येवल्याला गोरक्षच्या घरी जातोय. तू येतोस. जे मला सांगितलंस ते तिथे त्याच्या आईसमोर सांगायचं. मग क्लबात."

"येतो," म्हणाला.

दोन तिकिटांचे पैसे काढून ठेवलेत. लता विचारते, येईल का हो ते? मी तिला म्हणालो, येईल. पहिल्यांदाच तिच्याआधी मी चांगलं बोललो. आणि खरं काय वाटतं ते इथेही लिहीत नाही.